नारायण पेठेतल्या ट्रंकेतले दोनशे शेअर्स: एका छोट्या विक्रीचा प्रकरण अभ्यास

ऑगस्ट २०२४ मध्ये माझी मावशी बँकेतून पासबुक भरून घेऊन आली आणि दरवर्षी त्या सुमारास दिसणारी एक नोंद तिला त्यात सापडली नाही. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचा लाभांश तिच्या खात्यात गेली कित्येक वर्षे बिनबोभाट जमा होत असे. रक्कम मोठी नव्हती, आदल्या वर्षी ८०० रुपये आली होती. पण कौटुंबिक निवृत्तिवेतनावर एकटीने संसार चालवणाऱ्या ७६ वर्षांच्या बाईला अशा नोंदी तोंडपाठ असतात. तिने मला फोन केला. मी कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेला माणूस असल्यामुळे पैशाचे काहीही अडले की ते माझ्याकडे येते, जरी शेअर बाजाराशी माझा संबंध वर्तमानपत्रापुरताच होता.

लाभांश थांबण्याचे कारण रद्दीच्या गठ्ठ्यातल्या एका न फोडलेल्या पाकिटात होते. ज्यांचे शेअर्स अजून कागदी प्रमाणपत्रांच्या रूपात आहेत आणि ज्यांचा पॅन, पत्ता, मोबाइल क्रमांक, बँक खाते व नमुना सही कंपनीच्या दप्तरी नोंदलेली नाही, त्यांचा लाभांश १ एप्रिल २०२४ पासून रोखून धरावा आणि नोंदी पूर्ण झाल्यावरच थेट खात्यात द्यावा, असा सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेचा, नियम आहे. कंपनीच्या रजिस्ट्रारने, म्हणजे भागधारकांची नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेने, तसे पत्र वेळेवर पाठवले होते. पैसे बुडालेले नव्हते, अडकलेले होते.

त्याच महिन्यात कानाच्या डॉक्टरांनी मावशीला दोन्ही कानांसाठी श्रवणयंत्रे सुचवली होती आणि जोडीची किंमत १ लाख १५ हजार रुपये सांगितली होती. मावशी म्हणाली, “अरे, तो लाभांश राहू दे, ते शेअर्सच विकून टाक.” या एका वाक्याची अंमलबजावणी करायला आम्हाला पाच महिने लागले. त्यातली प्रत्यक्ष विक्री सात मिनिटांत झाली. उरलेला सगळा काळ ते शेअर्स मावशीचेच आहेत, हे कागदावर उभे करण्यात गेला.

ट्रंकेत नेमके काय होते

पलंगाखालच्या लोखंडी ट्रंकेत, काकांच्या, म्हणजे मावशीच्या दिवंगत यजमानांच्या, वहीबरोबर, एका कापडी पिशवीत तीन प्रमाणपत्रे निघाली. पहिले १९९३ सालचे, २० शेअर्सचे, दर्शनी मूल्य १० रुपये. दुसरे १९९७ सालचे, एकास एक बोनस म्हणून, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट, आलेले, तेही २० शेअर्सचे. तिसरे २००५ सालचे, २ रुपये दर्शनी मूल्याच्या २०० शेअर्सचे. पिशवीत डांबराची गोळी कधीतरी ठेवलेली असावी, कारण कागदांना कसर लागलेली नव्हती. फक्त घड्यांवर पिवळेपणा आला होता. शेजारच्या एका गृहस्थांनी तिन्ही कागदांची बेरीज करून “तुमचे २४० शेअर्स आहेत” असे मावशीला सांगून टाकले होते आणि तिने तो आकडा मनात धरलाही होता.

ही चूक घरोघरी होते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. कंपनीने २००५ मध्ये १० रुपयांच्या एका शेअरचे २ रुपयांचे पाच शेअर्स केले, तेव्हा २० अधिक २० अशा ४० शेअर्सचे २०० झाले. जुनी प्रमाणपत्रे परत न मागवता कंपनीने नवे प्रमाणपत्र टपालाने पाठवले आणि जुनी आपोआप रद्द ठरली. म्हणजे ट्रंकेतल्या तीन कागदांपैकी जिवंत कागद एकच होता. कागद मोजण्याऐवजी प्रमाणपत्रावरचा फोलिओ क्रमांक, म्हणजे नोंदवहीतला भागधारकाचा खाते क्रमांक, घेऊन रजिस्ट्रारकडे विचारणा करणे हा खरा मार्ग आहे. आम्ही ई-मेल केला आणि चार दिवसांत उत्तर आले की या फोलिओवर २०० शेअर्स आहेत, पहिले नाव काकांचे, दुसरे मावशीचे.

वहीत काकांनी १९९३ च्या खरेदीची नोंद स्वच्छ अक्षरात केली होती: २० शेअर्स, भाव ६०, एकूण १२०० आणि वर दलाली. ही खरेदी त्यांनी कुमठेकर रस्त्यावर कार्यालय असलेल्या पुणे शेअर बाजाराच्या एका दलालामार्फत केली होती. तो शेअर बाजार १९८२ साली सुरू झाला आणि २०१५ साली सेबीच्या आदेशाने त्याची मान्यता संपली, हे मावशीला ठाऊक नव्हते; “तिथेच जाऊन विकून ये ना” असे तिने मला सुरुवातीला सांगितले होते. त्या काळी कागदी शेअर्सचे व्यवहार ५० किंवा १०० च्या लॉटमध्ये होत आणि २० शेअर्सचा ‘ऑड लॉट’ विकायला गेले की दलाल भाव पाडून मागत. काकांनी ते कधी विकले नाहीत, त्याचे एक कारण हेही असावे. डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी संगणकीय नोंदीच्या, पद्धतीत लॉट एका शेअरचा असतो. छोट्या भागधारकाची ती अडचण संपली आहे, तिच्या जागी दुसऱ्या आल्या आहेत.

कागदी शेअर आता थेट कुणालाच विकता येत नाही. १ एप्रिल २०१९ पासून सूचीबद्ध कंपनीच्या कागदी शेअर्सचे एकाकडून दुसऱ्याकडे हस्तांतरण नोंदवणे बंद झाले आहे. वारसाच्या किंवा हयात सहधारकाच्या नावावर नोंद होऊ शकते, पण विक्री करायची तर शेअर्स आधी डीमॅट खात्यात गेले पाहिजेत. हे माहीत नसलेल्यांच्या अज्ञानावर जगणारी माणसे आहेत. मावशीच्या ओळखीतून एक गृहस्थ आले होते. ते “सगळे काम करून देतो” म्हणून मिळणाऱ्या रकमेच्या २५ टक्के मागत होते आणि कोऱ्या अर्जांवर सह्या हव्या होत्या. शेवटी विक्रीतून आलेल्या १ लाख २८ हजारांवर २५ टक्के म्हणजे ३२ हजार रुपये. आमचा प्रत्यक्ष खर्च, नोटरी आणि स्पीड पोस्ट धरून, ७०० रुपयांच्या आत झाला.

नावे, ‘राव’ आणि ‘सौ.’

शेअर्स जोडनावावर होते आणि काका २०११ साली गेले. ही गोष्ट आमच्या बाजूची होती, कारण जोडनावाच्या फोलिओत एक धारक गेला की शेअर्सवर हयात धारकाचा हक्क कंपनी मान्य करते आणि वारस दाखला न मागता मृत व्यक्तीचे नाव वगळते. शेअर्स काकांच्या एकट्याच्या नावावर असते आणि नामनिर्देशन केलेले नसते, तर ५ लाख रुपयांपर्यंतच्या कागदी शेअर्ससाठी सोपी पद्धत आहे खरी, पण तिच्यातही प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि इतर वारसांची ना-हरकत लागते. ही यातायात लक्षात घेता मी काकांच्या दूरदृष्टीला मनातल्या मनात नमस्कार केला.

परंतु नाव वगळण्यासाठी आधी ते नाव जुळावे लागते. प्रमाणपत्रावर काकांचे आडनाव आधी आणि पुढे दोन आद्याक्षरे होती. महापालिकेच्या मृत्यू दाखल्यावर पूर्ण नाव होते आणि त्याच्या शेवटी ‘राव’ लागलेला होता. रुग्णालयातल्या कुणीतरी आदराने लावलेला हा ‘राव’ तेरा वर्षे कुणाच्याही लक्षात आला नव्हता, कारण निवृत्तिवेतनाच्या कार्यालयाने त्याकडे काणाडोळा केला होता. रजिस्ट्रारने तो केला नाही, आणि नियमाने त्याचे बरोबरच होते. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असे प्रतिज्ञापत्र मावशीने शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात १०० रुपयांच्या मुद्रांक कागदावर नोटरीसमोर केले. सप्टेंबरचे दिवस होते. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात अशा कागदाला ५०० रुपयांचा मुद्रांक लागू लागला, त्यातून आम्ही थोडक्यात सुटलो.

२४ सप्टेंबरला लक्ष्मी रस्त्यावरच्या सिटी पोस्टातून पहिला अर्ज गेला. त्यात पॅन व पत्ता वगैरेंसाठी आयएसआर-१, नाव वगळण्याच्या विनंतीसाठी आयएसआर-४, नामनिर्देशनासाठी एसएच-१३, मृत्यू दाखल्याची साक्षांकित प्रत, प्रतिज्ञापत्र, रद्द केलेला धनादेश आणि २०० शेअर्सचे मूळ प्रमाणपत्र होते. मूळ प्रमाणपत्र टपालात टाकताना मावशीचा हात पाकिटावरून निघत नव्हता. दोन्ही बाजूंच्या छायाप्रती आणि मोबाइलवर काढलेले फोटो तिला दाखवल्यावरच तिने पाकीट सोडले.

१५ ऑक्टोबरला त्रुटीपत्र आले. दोन आक्षेप होते: धनादेशावर खातेदाराचे नाव छापलेले नाही, आणि अर्जावरची सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही. पहिला आक्षेप माझ्या निष्काळजीपणाचा होता; नाव छापलेले नवे धनादेश पुस्तक मागवून तो मिटला. दुसऱ्या आक्षेपावर मात्र मावशी चिडली. “माझी सही चाळीस वर्षे तीच आहे,” असे तिचे म्हणणे, आणि तिच्यावर विश्वास ठेवूनच मी सहीचा अर्ज, म्हणजे आयएसआर-२, जोडला नव्हता.

उलगडा झाला तो ट्रंकेतल्याच एका कागदामुळे. काकांनी १९९४ मध्ये कधीतरी विक्रीचा विचार केला असावा, कारण त्यांच्या वहीत जुना हस्तांतरण अर्ज, म्हणजे ट्रान्सफर फॉर्म, दोघांच्या सह्यांनिशी भरून ठेवलेला आणि न वापरलेला सापडला. मावशीची सही देवनागरीत, ठळक, आणि तिच्या सुरुवातीला ‘सौ.’ जोडून लिहिलेले, इतके जोडून की ते नावाचेच पहिले अक्षर वाटावे. २०११ नंतर तिने ‘सौ.’ लिहिणे सोडले होते आणि सही बदलली, असे तिच्या कधी मनातही आले नव्हते. तिने तो कागद बराच वेळ हातात धरला आणि मग मला विचारले, “म्हणजे आता मी परत सौ. लिहायचं का?”

तसे करणे चूक ठरले असते आणि उपयोगाचेही नव्हते, कारण आताचा हात कापरा आहे. अशा वेळी नवी सही बँकेकडून साक्षांकित करून घेण्याची सोय नियमातच आहे. आयएसआर-२ या अर्जावर खातेदाराने बँक अधिकाऱ्यासमोर सही करायची असते आणि अधिकाऱ्याने आपले नाव, पद, कर्मचारी क्रमांक व शाखेचा शिक्का उमटवून ती खात्यातल्या सहीशी जुळते असे लिहून द्यायचे असते. मावशीच्या शाखेतल्या अधिकाऱ्याने आधी “ही जबाबदारी आम्ही का घ्यायची” असे विचारले. प्रश्न अगदीच अवाजवी नव्हता, कारण त्याने तो अर्ज आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता. शेअर्स कुणाचे आहेत हे तुम्ही सांगायचे नाही, तुमच्या खातेदाराची सही कोणती एवढेच सांगायचे आहे, हे अर्जावरची ओळ वाचून दाखवल्यावर त्याला पटले, पण तोवर दिवाळी आली. भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी शिक्का मिळाला आणि ५ नोव्हेंबरला दुसरे पाकीट गेले.

पुष्टीपत्र ते डीमॅट

अर्ज परिपूर्ण असेल तर रजिस्ट्रारने ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो, आणि तो त्याने दिला. २७ नोव्हेंबर तारखेचे पुष्टीपत्र आले. या टप्प्यावर पूर्वी नवे प्रमाणपत्र मिळत असे. आमच्या वेळी मिळाले ते एक पत्र, आणि त्या पत्राच्या तारखेपासून १२० दिवसांत शेअर्स डीमॅट करून घेण्याची अट. आमच्या बाबतीत ही मुदत २७ मार्च २०२५ पर्यंत होती. ती उलटली असती तर शेअर्स कंपनीच्या ‘सस्पेन्स’ नावाच्या वेगळ्या खात्यात गेले असते आणि तिथून सोडवून आणायला नवा अर्ज करावा लागला असता. हे पत्र प्रमाणपत्राइतके भारदस्त दिसत नव्हते, साध्या कागदावरचे होते, आणि म्हणूनच ते वीजबिलाबरोबर फडताळात पडून राहण्याचा धोका मोठा होता.

डीमॅट खाते आम्ही त्रुटीपत्राच्या काळातच उघडायला घेतले होते. दलाली कमी लावणारी ॲप्स बाजारात भरपूर आहेत, तरीही मी मावशीच्या बँकेतच डीमॅट, ट्रेडिंग आणि बचत अशी तिन्ही खाती जोडून घेतली. दलाली अर्धा टक्का पडली, म्हणजे ॲपपेक्षा पुष्कळ जास्त. पण कागदी शेअर्स डीमॅट करायचा अर्ज हातोहात घेणारा माणूस शाखेत असतो, आणि आयुष्यात एकदाच विकणाऱ्या व्यक्तीने दलालीच्या फरकापेक्षा याला अधिक महत्त्व द्यावे असे माझे मत आहे. रोज खरेदी-विक्री करणाऱ्याचे गणित अर्थातच वेगळे. खाते छोट्या भागधारकांसाठी असलेल्या ‘बेसिक सर्व्हिसेस’ प्रकारचे घेतले. १ सप्टेंबर २०२४ पासून ४ लाख रुपयांपर्यंतच्या शेअर्ससाठी अशा खात्याला वार्षिक देखभाल शुल्क नाही.

खाते उघडताना मोबाइलवरून चेहरा दाखवून ओळख पटवायची होती. पडद्यावरची मुलगी आकडे वाचायला सांगत होती आणि मावशीला तिचा एकही शब्द ऐकू येत नव्हता. ज्या यंत्रांसाठी हे सगळे चालले होते, ती यंत्रे तेव्हा कानात असती तर बरे झाले असते. तीनदा प्रयत्न फसल्यावर शाखेतल्या कर्मचाऱ्याने समोरासमोर ओळख नोंदवली. त्याच बैठकीत त्याने शेअर्स परस्पर वळते करण्याच्या अधिकारपत्रावरही सही मागितली. ती देणे ऐच्छिक असते आणि आम्ही दिली नाही. डीमॅटमधून शेअर्स बाहेर काढण्यासाठी सहीच्या चिठ्ठ्यांचे पुस्तकही मिळू शकते; त्यातल्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर आगाऊ सह्या करून ठेवण्याची जुनी सवय अनेक ज्येष्ठांना आहे आणि ती कोऱ्या धनादेशावर सही करण्यासारखीच आहे.

१० डिसेंबरला पुष्टीपत्र आणि डीमॅट विनंती अर्ज शाखेत दिला. ३ जानेवारीला खात्यात २०० शेअर्स दिसू लागले.

विक्रीचा दिवस

१६ जानेवारी २०२५, गुरुवार, संक्रांतीनंतरचा दुसरा दिवस. बाजार सव्वानऊला उघडतो, पण पहिल्या अर्ध्या तासात भाव वरखाली जास्त होतात म्हणून आम्ही अकरा वाजता बसलो. भाव ६४१ च्या आसपास होता. ‘मार्केट’ भावाने विकले तर त्या क्षणी जो भाव मिळेल तो घ्यावा लागतो. ‘लिमिट’ लावली तर ठरवलेल्या भावाच्या खाली विक्री होत नाही, मात्र गिऱ्हाईक न मिळाल्यास शेअर्स तसेच राहतात. आम्ही ६४० ची लिमिट लावली. सगळे २०० एकाच दिवशी विकले, कारण डीमॅटमधून शेअर्स बाहेर गेल्याचे शुल्क दर कंपनीमागे दर दिवशी लागते आणि विक्री दोन दिवसांत विभागली की ते दोनदा भरावे लागते.

विक्रीला मान्यता देण्यासाठी सीडीएसएल या डिपॉझिटरीचा, म्हणजे डीमॅट शेअर्स सांभाळणाऱ्या संस्थेचा, टीपिन हा सहा आकडी गुप्त क्रमांक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी टाकावा लागतो. ओटीपी आला तेव्हा मी सवयीने म्हणालो, “मावशी, सांग बघू.” तिने मोबाइल छातीशी धरला आणि म्हणाली, “ओटीपी कुणाला सांगायचा नाही. तूच सांगितलं आहेस.” मग चष्मा लावून, एकेक आकडा मोठ्याने उच्चारत, तिने तो स्वतः टाकला.

सात मिनिटांत सौदा झाला. १ लाख २८ हजारांमधून दलालीचे ६४० रुपये, तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी ११५ रुपये २० पैसे, रोखे व्यवहार कर ०.१ टक्का म्हणजे १२८ रुपये आणि शेअर बाजाराचे किरकोळ आकार वजा जाता सौदापत्रावर १ लाख २७ हजार ११२ रुपये उरले. डीमॅट शुल्काचे २३ रुपये ६० पैसे वेगळे गेले. शेअर्सवरचे मुद्रांक शुल्क खरेदीदार भरतो, विकणारा नाही. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, रक्कम बचत खात्यात आली. २०२३ च्या जानेवारीपासून सगळ्या सूचीबद्ध शेअर्सचा हिशेब असा एका दिवसात पुरा होतो.

कर लागला का? नाही, पण हिशेब कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. दलालाच्या विवरणात खरेदी किंमत शून्य दाखवली होती, कारण हे शेअर्स त्याच्यामार्फत घेतलेले नव्हते. तो आकडा तसाच धरला असता तर नफा १ लाख २८ हजार झाला असता आणि १ लाख २५ हजारांच्या वार्षिक सवलतीच्या वरच्या भागावर १२.५ टक्के कर आला असता. वस्तुतः १ फेब्रुवारी २०१८ पूर्वी घेतलेल्या सूचीबद्ध शेअर्ससाठी ३१ जानेवारी २०१८ चा शेअर बाजारातला सर्वोच्च भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो, जर तो मूळ किमतीपेक्षा जास्त आणि विक्री किमतीपेक्षा कमी असेल. त्या दिवशी हा भाव ३९० होता. ७८ हजार वजा जाता नफा ५० हजार. त्यातून दलाली वजा करता येते, रोखे व्यवहार कर येत नाही. इथे त्याने काही फरक पडत नव्हता. मुदत ठेवींवर कापलेला कर परत मिळवण्यासाठी मावशी विवरणपत्र भरतेच, आणि २०२५-२६ या करनिर्धारण वर्षापासून एवढा दीर्घकालीन नफा सोप्या आयटीआर-१ मध्येच दाखवता येऊ लागला, त्यामुळे मोठा अर्ज भरण्याची वेळ आली नाही.

अडकलेला ८०० रुपयांचा लाभांश बँक खात्याची नोंद पूर्ण झाल्यावर डिसेंबरातच जमा झाला होता. श्रवणयंत्रे फेब्रुवारीत आली.

ट्रंकेत अजून एक पाकीट आहे. त्यात दुसऱ्या एका कंपनीचे १५ शेअर्स आहेत, काकांच्या एकट्याच्या नावाचे, आजच्या भावाने सहा हजारांच्या आतले. त्यांचा लाभांश सलग सात वर्षे कुणी न घेतल्यामुळे ते शेअर्स कायद्यानुसार केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग झाले आहेत. ते परत मागता येतात, पण आधी कंपनीकडे वारसाहक्क सिद्ध करून तिचे पात्रता पत्र मिळवायचे आणि मग आयईपीएफ-५ अर्ज भरायचा, असा दुहेरी रस्ता आहे. एवढ्या यातायातीचा विचार करून मी हा नाद सोडून देण्याचा सल्ला दिला. मावशीने तो ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन लावला. आता तिला फोनवरचे स्वच्छ ऐकू येते.